मोठं होऊ न देणारं औषध

दुपारच्या जेवणाची सुट्टी संपत आली होती. डॉ. हेमलता सानप हात धुऊन प्रयोगशाळेत परत आल्या, तर त्यांच्या टेबलापाशी त्यांची धाकटी बहीण सिंधू उभी. गावाहून आलेली, घामाने डबडबलेली. कशी आहेस, बरी आहेस का, काही नाही. तिने हातातला स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"ताई, ह्यांच्याकडं बघ."

डब्यात तुतीचा पाला आणि त्यावर रेशीमअळ्या. पण ह्या वयाच्या अळ्यांनी एव्हाना पाला सोडून द्यायला हवा होता. मान वर करून, प्लॅस्टिकच्या जाळीदार चंद्रिकेवर चढून, तोंडातून धागा काढत कोषात बसायला हवं होतं. ह्या मात्र अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. कातडी ताणून चकचकीत झालेली. आणि त्या खातच होत्या.

"खाण्याबिगर दुसरं काही करीनात," सिंधू म्हणाली. "माझ्याच नाही, गावातल्या समद्या शेडांत हेच चाललंय. चंद्रिकेवर ठेवलं तर खाली उतरून पुन्हा पाल्यावर येतात. रोग म्हणावा तर एक मरत नाही. बागा ओरबाडून झाल्या. कुठलं औषध मारू तेवढं सांग."

हेमलताबाईंनी एक अळी तळहातावर घेतली. थंडगार, जड. त्यांना सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. अशा अळ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. फरक एवढाच, की त्या भुंग्यांच्या होत्या, आणि मुद्दाम तशा केलेल्या होत्या.

"सिंधू, हा रोग नाही."

"मग काय आहे?"

"ह्यांना मोठं होऊ दिलं जात नाहीये."

सिंधूने बहिणीकडे रोखून पाहिलं. "कोण होऊ देत नाही?"

हेमलताबाईंनी नजर वर केली. समोरच्या खिडकीत 'तृणांत' कंपनीच्या पाकिटांची चळत होती. प्रत्येक पाकिटावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हेमा. गाजरगवताचा कायमचा शेवट.' हेमा म्हणजे त्याच.

कीटकाच्या डोक्यात, मेंदूच्या मागे, दोन बारीकशा ग्रंथी असतात. त्यांतून एक संप्रेरक रक्तात झिरपतं. ते रक्तात आहे तोवर कीटक कितीही वेळा कात टाको, पुन्हा अळीच राहतो. ग्रंथींनी ते थांबवलं, की पुढच्या वेळी अळीचा कोष होतो आणि कोषातून पंखवाला प्रौढ निघतो. म्हणून त्याला बाल-संप्रेरक म्हणतात. गंमत अशी, की वयात आल्यावर हेच संप्रेरक पुन्हा पाझरू लागतं आणि तेव्हा त्याचं काम असतं मादीला अंडी घालायला लावणं.

हेमलताबाईंचं सगळं आयुष्य ह्या दुसऱ्या कामावर गेलं होतं. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा त्याखेरीज कशालाही शिवत नाही, पण त्याची एक अडचण आहे. पाऊस सरला की तो जमिनीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत झोपतो. गवत जूनमध्ये ढीगभर उगवतं, भुंगे मूठभर. झोपलेल्या भुंग्याच्या रक्तात हे संप्रेरक नसतं, हे हेमलताबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब एका झोपलेल्या मादीच्या पाठीवर ठेवला. मादी जागी झाली, पानावर गेली, तिने ते खाल्लं, आणि भर जानेवारीत अंडी घातली. म्हणजे बंद खोलीत वर्षभर भुंगे वाढवायचे आणि जूनमध्ये गावोगाव सोडायचे. एकदा सोडले की ते आपले आपण वाढतात, आपण होऊन शेजारच्या बांधावर जातात. ही रीत त्यांनी कुणाकडून काही न घेता जाहीर केली होती.

त्यामागे कारणही घरचंच होतं. सिंधूचा नवरा भागवत मस्के ह्याला गाजरगवत बाधायचं. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या मानेवर चट्टे उठले. मग हात, मग तोंड. कातडी जाड होऊन भेगाळली, पापण्या सुजून मिटल्या. वाऱ्यावर उडणारा त्या गवताचा फुलोरासुद्धा पुरे व्हायचा. धडधाकट, नांगर एका हाताने पेलणारा माणूस पावसाळाभर खिडक्या लावून, अंगावर ओली फडकी घेऊन अंधाऱ्या खोलीत बसायचा. त्या काळात घर सिंधूच्या रेशमावर चाललं. आणि रेशमाचा नाद तिला हेमलताबाईंनीच लावला होता.

भुंग्यांची रीत जाहीर झाली खरी, पण कुणी ती फारशी उचलली नाही. उचलली ती कौस्तुभ वाघचौरेने. त्यांचाच विद्यार्थी. त्याने तृणांत कंपनी काढली, हेमलताबाईंना सल्लागार म्हणून आणलं, आणि मग प्रश्न उलटा विचारला. प्रौढ भुंगा खातो थोडं, अळी खाते फार. मग अळीला मोठं होऊच दिलं नाही तर? शेतात अळ्या सोडायच्या आणि वरून ड्रोनने बाल-संप्रेरक फवारायचं. अळ्या कोषात जात नाहीत, नेहमीच्या तिप्पट होतात, मरेपर्यंत गवत खातात. २०४१ साली मराठवाड्यातल्या निम्म्या ग्रामपंचायतींनी ही फवारणी घेतली आणि बांध, रस्त्याच्या कडा, पडीक रानं खरोखरच मोकळी झाली. भागवत भर पावसाळ्यात उघड्या अंगाने शेतात गेला. हे संप्रेरक उन्हात दोन दिवसांत विरतं, हे हेमलताबाईंनी स्वतः तपासलं होतं. म्हणूनच त्यांनी नाव वापरू दिलं होतं.

सिंधूने आणलेला पाला त्यांनी त्याच संध्याकाळी तपासला. गावात फवारणी होऊन महिना उलटला होता. संप्रेरक पानावर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कौस्तुभच्या कार्यालयात गेल्या. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर भागवतचे दोन चेहरे लावलेले होते: एक झाडाच्या सालीसारखा फाटलेला, दुसरा नितळ, हसरा. त्या न बघता आत गेल्या.

"फवारणीत काय आहे, कौस्तुभ?"

"तुमचंच तर आहे, मॅडम. बसा ना. चहा सांगतो."

"माझं उन्हात विरतं. हे विरत नाही."

कौस्तुभने हातातला फोन खाली ठेवला. "दोन दिवसांत विरणारं मारायचं म्हणजे दर आठवड्याला ड्रोन उडवावा लागतो. म्हणून आम्ही रेणूला उन्हात टिकवणारी एक जोड दिली. आता जूनमध्ये एकदा आणि पोळ्यानंतर एकदा. बस्स."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही हो म्हणाला नसता."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. हेमलताबाई टेबलावर पुढे झुकल्या.

"ती रेशमाची अळी आहे की गाजरगवतावरची, हे त्या औषधाला कळत नाही. हे मी तुला पहिल्या वर्षाला शिकवलंय. वाऱ्याने ते तुतीवर जाणार, हे तुला ठाऊक होतं."

"होतं." तो शांतच होता. "मॅडम, तुतीवाले किती आणि गाजरगवताने पिडलेले किती? कुठल्याही बाजूने हिशेब मांडा. शिवाय परवान्यासाठी जी पिकं तपासावी लागतात, त्यांत तुती येतच नाही. मधमाश्या तपासल्या, त्या सुरक्षित आहेत."

"माझे जुने भुंगे सोडले असतेस तर ह्यातलं काहीच झालं नसतं."

"तुमचे भुंगे लोक एकदा नेतात आणि परत येत नाहीत. ते अंडी घालतात, आपले आपण पसरतात. आमच्या अळ्या मोठ्याच होत नाहीत, त्यामुळे दर जूनमध्ये नव्या न्याव्या लागतात. नाहीतर कंपनीने विकायचं काय?"

"ते विकण्यासाठी नव्हतंच."

"म्हणूनच पंधरा वर्षं ते तुमच्या प्रयोगशाळेच्या बाहेर पडलं नाही," कौस्तुभ म्हणाला.

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्या उठल्या. दाराशी पोचल्यावर मागून त्याचा आवाज आला, "पुढच्या आठवड्यात सरकारी समितीपुढे फवारणीचा परवाना नवा करायचाय. तुम्ही याल ना? तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे."

"येईन," हेमलताबाई म्हणाल्या. "नक्की येईन."

गावात पोचल्या तेव्हा सिंधू शेडमध्ये होती. मांडण्यांच्या सगळ्या थरांवर अळ्याच अळ्या, आणि त्यांच्या खाण्याची करकर. ती एव्हाना थांबायला हवी होती. पाल्यात पांढरट सालं पडलेली दिसली.

"पिकवणीचं औषध मारलं होतं," सिंधू म्हणाली. सगळ्या अळ्या एका वेळी कोषावर याव्यात म्हणून रेशीमवाले शेवटी पानांवर शिंपडतात, ते. "म्हणलं त्यानं तरी बसतील. तर ह्यांनी पुन्हा कात टाकली. अन् अजून मोठ्या झाल्या."

"ते औषध फक्त कात टाक एवढंच सांगतं," हेमलताबाई म्हणाल्या. "कात टाकून पुढे काय व्हायचं, हे दुसरं ठरवतं. अन् ते दुसरं ह्यांच्या अंगातून जातच नाही. पाल्यातून रोज नवं येतंय."

त्यांनी सगळं सांगितलं. कौस्तुभ काय म्हणाला, तेही. सिंधू ऐकताना पाल्याचे देठ मोडत राहिली.

"तुझं नाव आहे त्याच्यावर," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"रेशीम तूच दिलंस. हेही तूच दिलंस."

"मी हे दिलं नाही, सिंधू. माझ्या नावाखाली दिलं गेलं."

"माझ्या अळ्यांना नाव वाचता येत नाही." तिने मोडलेले देठ फेकून दिले आणि घमेलं उचललं. "चल. खड्डा काढलाय. पुरायच्या आहेत."

दोघींनी मांडण्या रिकाम्या केल्या. भागवतने फावड्याने माती ओढली. त्याच्या उघड्या दंडांवर ऊन पडलं होतं. जुन्या चट्ट्यांच्या फिकट खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. हात धुताना तो म्हणाला, "ताई, फवारणी बंद करा म्हणून सांगणार का तुम्ही समितीला?"

"सांगणार."

"कंपनीनं मलाही बोलावलंय. मी काय सांगू?"

"जे खरं आहे ते सांगा, भागवतराव."

"खरं तर हे आहे, की बारा पावसाळे मी माझं रान पाहिलं नव्हतं." तो आवाज न चढवता बोलत होता. "पोरगी शाळेतून येऊन सांगायची, बाबा, कापूस एवढा झाला, तूर एवढी झाली. मी अंधारात ऐकायचो. आता तुम्ही म्हणता ते गवत परत येऊ द्या."

"परत येऊ द्या म्हणत नाही. जुने भुंगे सोडू. ते पसरायला वेळ लागतो, इतकंच."

"तोवर मी खोलीत."

सिंधूने बादली आपटली. "तुम्ही खोलीत होता तेव्हा हे घर कशावर चाललं? ह्याच शेडवर ना? तुमच्या फडक्यांना पाणी, पोरीच्या शाळेला, समद्याला. आज तीच शेड मी मातीत घातली. तुम्ही भिंतीवर हसताय अन् मी खड्डे काढतेय."

"मी हसलो म्हणून त्यांनी फोटो काढला. पुढं काय करतील, मला काय ठाऊक?" भागवतही तडकला. "मला कुणी विचारलं का, तुझी कातडी पाहिजे का बायकोचं रेशीम?"

हा प्रश्न त्यांच्या घरापुढे कौस्तुभने आणून टाकला होता आणि तो स्वतः गार हवेच्या खोलीत बसला होता. हेमलताबाईंच्या मनात ते आलं आणि त्यांच्या हाताच्या मुठी आपोआप वळल्या.

समितीची बैठक भर दुपारी भरली. आधी भागवत बोलला. उन्हात फिरता येतं, झोप लागते, एवढंच त्याने सांगितलं. बायकोच्या शेडबद्दल त्याला विचारलं गेलं नाही, आणि त्याने सांगितलंही नाही. सिंधू मागच्या खुर्चीवरून त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

मग हेमलताबाई. त्यांनी दोन काचपेट्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींतल्या अळ्या एकाच वयाच्या. एका पेटीत बंद काचघरातल्या तुतीचा पाला दिला होता, तिथे पांढरे कोष लागले होते. दुसरीत सिंधूच्या बागेतला पाला. तिथे फुगलेल्या अळ्या एकमेकींवर चढून पाला शोधत होत्या. समितीतल्या एका बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"हे रेशमापुरतं नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "ह्या मातीत, ह्या ओढ्यात कात टाकून वाढणारं जे जे आहे, त्या सगळ्याला हे संप्रेरक लागू पडू शकतं. आम्ही फक्त मधमाश्या तपासल्या. बाकीचं काहीच तपासलेलं नाही. मला जे औषध दाखवून माझं नाव घेतलं, ते हे नव्हे. ही फसवणूक आहे, आणि ती करणारा माणूस इथे तिसऱ्या खुर्चीवर बसलाय."

कौस्तुभ उठला. त्याने खेद व्यक्त केला. रेशीम उत्पादकांबद्दल कंपनीला कळवळा आहे म्हणाला, सखोल अभ्यास व्हावा म्हणाला. समितीच्या अध्यक्षांना अभ्यास हा शब्द फार आवडला. दोन हंगाम अभ्यास करावा, तोवर लोकहित पाहता फवारणी चालू ठेवावी, असं ठरलं.

सिंधू मागून उभी राहिली. "अभ्यास होईस्तोवर आम्ही काय खायचं?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय पुकारला.

बाहेर जिन्यात हेमलताबाईंनी कौस्तुभला गाठलं. "माझं नाव काढ पाकिटावरून. आजच."

"हेमा हे आता कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे, मॅडम. ते तुमचं राहिलेलं नाही."

तो जिना उतरून गेला. हेमलताबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. शेजारी सिंधू उभी होती. तिने आधाराला हात दिला नाही.

"अभ्यास, अभ्यास," ती म्हणाली. "तुम्हा शिकलेल्यांना राग तरी येतो का गं कधी?"

"येतो," हेमलताबाई म्हणाल्या. "पोळ्यानंतर ड्रोन येतील ना, तेव्हा सांगते तुला काय करायचं."

ड्रोनची एक गोष्ट त्यांना चाचण्यांपासून माहीत होती. खाली माणूस दिसला की तो फवारा बंद करतो आणि माणूस हलेपर्यंत हवेत थांबतो. कायद्यानेच तशी सोय सक्तीची केली होती. तुतीच्या बागांभोवती जिथे जिथे गाजरगवत पुन्हा फुटलं होतं, तिथे माणसं उभी राहिली तर ड्रोन काही करू शकत नव्हता.

पोळा झाला. एका सकाळी रस्त्यावरून कंपनीची गाडी आली आणि तिच्या टपावरून ड्रोन उठले. गावातल्या रेशीमवाल्या बायका डोक्याला फडकी गुंडाळून गुडघाभर गवतात जाऊन उभ्या राहिल्या. हेमलताबाईही त्यांच्यात होत्या. ड्रोन आले, वर घोंघावत थांबले. गाडीतला माणूस कर्ण्यावरून बाजूला व्हा म्हणून ओरडला. कुणी हललं नाही. पण ओढ्याच्या बाजूला बायका कमी पडत होत्या. तिथली एक पट्टी मोकळी राहिली होती आणि एक ड्रोन तिकडे वळला.

तेवढ्यात बांधावरून भागवत येताना दिसला. लांब बाह्यांचा सदरा, तोंडाला उपरणं. फुलोऱ्याने पांढऱ्या झालेल्या त्या पट्टीत तो सरळ शिरला आणि मधोमध उभा राहिला. ड्रोन थबकला.

"अहो, बाहेर या," सिंधू ओरडली. "तुमचं काम नाही ते."

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "तिकडची पट्टी सोडू नको."

ऊन चढत गेलं. ड्रोन बॅटरी संपली की गाडीकडे जात, पुन्हा येत. दुपारपर्यंत भागवतच्या कपाळावर, उपरण्याबाहेर जेवढं दिसत होतं तेवढं, लालभडक झालं होतं. तो खाजवतही नव्हता. मुठी आवळून वर पाहत होता. हेमलताबाईंनी आयुष्यात पुष्कळ रागावलेली माणसं पाहिली होती, पण इतका मुकाट्याने राग धरून उभा राहिलेला माणूस पाहिला नव्हता. सूर्य कलला तेव्हा कंपनीची गाडी ड्रोन घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या बायका आपापल्या रानात उभ्या राहिल्या, आणि मग त्यापलीकडच्या.

कंपनीने त्या तालुक्यातून फवारणी काढून घेतली. पण जाताना हेमलताबाईंवर एक फिर्याद ठोकून गेली. समितीच्या बैठकीनंतर कंपनीचं काम सोडताना त्यांनी अंडी घालणाऱ्या जुन्या भुंग्यांच्या पेट्या बरोबर नेल्या होत्या. ती कंपनीची मालमत्ता होती म्हणे. हेमलताबाई तारखांना हजर राहायच्या आणि घराच्या बंद खोलीत, सुईच्या टोकावर तोच थेंब घेऊन, एकेका भुंग्याला जागं करायच्या. खोलीबाहेर त्यातलं काही जात नव्हतं. जात होते ते फक्त भुंगे.

पुढच्या पावसाळ्यात गाजरगवत छातीभर आलं. कुणीच खाल्लं नव्हतं, त्यामुळे दामदुपटीने आलं. भागवतची खोली पुन्हा बंद झाली.

श्रावणात हेमलताबाई भुंग्यांच्या पेट्या घेऊन गावात गेल्या. वर्षभर सिंधू त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने पाणी दिलं आणि खोलीकडे बोट दाखवलं. आत भागवत खाटेवर बसला होता, तोंडावर ओलं फडकं. आवाजावरून त्याने ओळखलं.

"ताई, अजून किती?"

"चार वर्षं. पाच लागतील कदाचित. ओढ्याकाठी ह्या वर्षी पानं चाळण झालेली दिसतायत. पसरतायत ते."

त्याने फडकं उलटून पुन्हा तोंडावर घेतलं. फडक्याखालून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी बसतो," तो म्हणाला. "माझं मी ठरवलं ते. पण तो कौस्तुभ आता गोदावरीपल्याड फवारतोय म्हणे."

"हो. तिथे त्याला अजून कुणी अडवलेलं नाही."

"तिकडंही तुती आहे?"

"पुष्कळ आहे."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

हेमलताबाई उठल्या. त्यांनी ओसरीवरच्या पेट्या उचलल्या आणि अंगण ओलांडलं. गाडीचं दार उघडतात तोच मागून चपलांचा आवाज आला. सिंधू पदर खोचत येत होती.

"अळ्या कोषात बसल्यात," ती बहिणीकडे न बघता म्हणाली. "चार दिवस त्यांना पाला लागत नाही. ह्यांचं पोरगी बघेल. सरक तिकडं."